नावांची चर्चा नव्हे, कार्यक्रमाचा आग्रह!

२१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला आणि भांडवली वृत्तपत्रांना व दूरचित्रवाहिन्यांना चार आठवडे पुरेल एवढा विषय मिळाला. राष्ट्रपतिपदी द्रौपदी मुर्मू असताना त्यांच्या जोडीला कोण शोभेल, दक्षिणेचा माणूस घ्यावा की उत्तरेचा, तमिळ मतदारांना खूष करावे की बिहारच्या येऊ घातलेल्या निवडणुकीवर नजर ठेवावी, अशा तर्ककुतर्कांना नुसता ऊत आला होता. उमेदवाराची जात, प्रांत, वय आणि निष्ठा यांची मापे रोज घेतली जात होती. त्याची मते काय, त्याने आजवर कोणाची बाजू घेतली, हे मात्र क्वचितच कोणी विचारले.

याच चार आठवड्यांत बेंगळुरूच्या जुन्या पेठांमध्ये काय घडत होते? जुलै महिन्यात कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरून झालेल्या देवघेवीच्या आकड्यांवर बोट ठेवून शहरातील छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. भाजी, दूध, पाव, चहा विकणारे लोक हादरले. 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. २५ जुलैच्या बंदची हाक द्यावी लागली, तेव्हा कुठे सरकार बोलणी करावयास तयार झाले. १६ ऑगस्टच्या पहाटे चिकपेटला लागून असलेल्या नगर्थपेटेत एका इमारतीला आग लागली. खाली माल आणि काम, वर संसार, अशी ती इमारत होती. पाच माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत एकाच कुटुंबातील आईबाप आणि त्यांची दोन लहान मुले होती. दुसऱ्याच दिवशी, १७ ऑगस्टला, सत्ताधारी आघाडीने उपराष्ट्रपतिपदासाठी महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांचे नाव जाहीर केले. पहिले पान कोणत्या बातमीने भरले, हे सांगण्याची गरज नाही.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो समजून घेणे हे प्रत्येक पक्षसभासदाचे काम आहे. पेठेतला माणूस कोणत्या छपराखाली झोपतो, किती तास राबतो, त्याला कर्ज कोण देतो, हे ठरविणारी धोरणे ज्यांच्या हाती आहेत, त्यांनाच त्या धोरणांऐवजी नावांवर चर्चा झालेली हवी असते.

अमेरिकेचा नमुना

या कलेत अमेरिकन भांडवलशाही सर्वांच्या पुढे आहे. तेथे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची निवड जोडीने होते. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांचे मतदान वेगळे केले आणि त्यातून पुढे पक्षाची 'तिकिटे' रूढ झाली. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका अजून चालू असतानाच जोडीदाराच्या नावाचा सट्टा सुरू होतो. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी पक्षाचे अधिवेशन भरण्यापूर्वीच रिचर्ड श्वाइकर यांचे नाव पुढे करून काठावरचे प्रतिनिधी ओढण्याचा प्रयत्न केला, तो फसला. २०१६ च्या एप्रिलमध्ये टेड क्रूझ यांनी कार्ली फिओरिना या माजी कंपनीप्रमुखांना जोडीदार म्हणून जाहीर केले आणि आठवडाभरातच स्वतः शर्यतीतून बाहेर पडले.

परंतु हा सर्व प्रकार केवळ करमणुकीचा आहे असे समजणे चूक ठरेल. १९४४ च्या जुलै महिन्यात शिकागो येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात विद्यमान उपाध्यक्ष हेन्री वॉलेस हे पहिल्या फेरीत आघाडीवर होते. कामगार संघटनांचा मोठा भाग त्यांच्या बाजूने होता आणि युद्धोत्तर काळात सोव्हिएत संघाशी सहकार्य टिकावे, अशी त्यांची भूमिका होती. पक्षाच्या शहरी धेंडांनी दुसऱ्या फेरीत त्यांना पाडून हॅरी ट्रूमन यांना पुढे आणले. नव्या कारकीर्दीच्या अवघ्या ८२ दिवसांनंतर, १२ एप्रिल १९४५ रोजी, रूझवेल्ट वारले आणि ट्रूमन अध्यक्ष झाले. पुढे हिरोशिमा, नागासाकी आणि १९४७ चा 'ट्रूमन सिद्धान्त' यांचा इतिहास सर्वांना ज्ञात आहे. जोडीदाराची निवड जेथे चार भिंतींच्या आड होते, तेथे धोरणाची निवडही तेथेच उरकली जाते, हा त्या घटनेचा धडा होय.

लालबागेतील तो जुलै

भारतीय राज्यघटनेत अशी जोडी नाही. राष्ट्रपतीची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. उपराष्ट्रपतीची निवड केवळ संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य करतात. दोन्ही निवडणुका स्वतंत्र. तरीही वर्तमानपत्रे जोड्या लावीत बसतात. कारण नावांचे राजकारण कार्यक्रमाच्या राजकारणापेक्षा सोपे असते. मात्र नावांच्या भांडणातून वर्गीय भांडण उघड्यावर आले, असा एक प्रसंग या देशाने पाहिला आहे, आणि तो बेंगळुरूतच घडला.

चिकपेटच्या भुयारी मेट्रो स्थानकातून दक्षिणेकडे निघाले की तिसरे स्थानक लालबागचे. तेथील काचघरात जुलै १९६९ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले. ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले होते आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हे हंगामी राष्ट्रपती होते. काँग्रेस पक्षात 'सिंडिकेट' म्हणून ओळखली जाणारी बुजुर्ग मंडळी आणि पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यातील झगडा शिगेला पोहोचला होता. काँग्रेसचे अध्यक्ष होते म्हैसूर राज्याचे एस. निजलिंगप्पा. इंदिरा गांधींनी आर्थिक धोरणावरचे एक टिपण अधिवेशनाकडे पाठविले. बँकांवरील सामाजिक नियंत्रण की राष्ट्रीयीकरण, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी होता. ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. नंतर १२ जुलैला याच शहरात संसदीय मंडळाची बैठक झाली आणि राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचा प्रश्न निघाला.

पंतप्रधानांनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले. मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण यांनी नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले आणि रेड्डींचे नाव मंजूर झाले. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्या चार मतांपैकी दोन मते महाराष्ट्राची होती. स. का. पाटील यांच्याबद्दल कोणाला आश्चर्य वाटले नाही. मुंबईच्या मक्तेदार भांडवलाशी असलेले त्यांचे नाते जगजाहीर होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी बजावलेली भूमिका जनता विसरली नव्हती. परंतु पुरोगामी आर्थिक ठरावाला हातभार लावणाऱ्या चव्हाणांनी त्याच मुक्कामात सिंडिकेटच्या उमेदवाराला मत दिले आणि पक्ष फुटल्यावर मात्र ते इंदिरा गांधींच्या बाजूला राहिले. ठराव डावीकडचा आणि मत उजवीकडचे, हा मध्यममार्गी नेतृत्वाचा स्थायीभाव त्या दिवशी स्पष्ट दिसला.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. १६ जुलैला मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला १४ मोठ्या व्यापारी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. गिरींनी २० जुलैला राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून ते मैदानात उतरले. गिरी हे रेल्वे कामगारांचे जुने संघटक. १९२६ मध्ये ते आयटकचे अध्यक्ष झाले होते. १९६५ ते १९६७ या काळात ते म्हैसूरचे राज्यपाल होते. त्यांच्यानंतर त्याच राजभवनात आलेले गोपाल स्वरूप पाठक हे १९६९ च्या ऑगस्टअखेर उपराष्ट्रपती झाले. एकाच राजभवनातील एकामागून एक आलेल्या दोन राज्यपालांची ही जोडी कोणी आधी वर्तविली नव्हती. ती जुळविली नावांच्या तर्कांनी नव्हे, तर शक्तींच्या नव्या मांडणीने.

चिंतामणरावांची उमेदवारी

या निवडणुकीत एक तिसरा उमेदवार होता, आणि मराठी माणसाची खरी परीक्षा तेथे होती. डॉ. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ पर्यंत केंद्रीय अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. इतकेच नव्हे, तर इंपीरियल बँकेचे रूपांतर सरकारी मालकीच्या स्टेट बँकेत झाले (१९५५) आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले (१९५६), ते त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात. चारित्र्य, विद्वत्ता, कर्तृत्व, मराठीपण यांपैकी कोणत्याही कसोटीवर हे नाव उणे नव्हते.

परंतु १९६९ मध्ये हे नाव पुढे केले ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी. म्हणजे बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला ज्या शक्तींचा कडवा विरोध होता, त्यांनी. निजलिंगप्पा त्याच पक्षांच्या पुढाऱ्यांशी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी बोलणी करीत होते. देशमुखांना पहिली पसंती आणि रेड्डींना दुसरी, असा तो डाव होता. विमा राष्ट्रीयीकरण करणाऱ्या माणसाच्या नावाची ढाल करून बँक राष्ट्रीयीकरणावर वार करावयाचा, याहून विलक्षण विरोधाभास शोधून सापडणार नाही.

डाव्या पक्षांनी गिरींना पाठिंबा दिला. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष यांच्यात १९६४ च्या फुटीनंतर तीव्र कटुता होती. पण या प्रश्नावर दोघांची मते एकाच पेटीत पडली. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला निकाल लागला. पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य असे होते: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोणालाच निर्णायक बहुमत नव्हते. देशमुख आणि इतर बाद उमेदवारांची मते वाटली गेल्यावर रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले. गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून विजयी झाले. फरक अवघा १४,६५०.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. १९६७ च्या निवडणुकीत दोन्ही कम्युनिस्ट पक्षांचे मिळून लोकसभेत ४२ सदस्य निवडून आले होते आणि प्रत्येक खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. केवळ या ४२ जागांचे मूल्य २४,१९२ होते. राज्यसभेचे आणि विधानसभांचे सदस्य वेगळेच. लहान, फुटलेल्या, पण कार्यक्रमावर एकत्र आलेल्या डाव्यांनी त्या दिवशी तराजू झुकविला. मराठी अभिमानाला बळी पडून ज्यांनी देशमुखांना मत दिले, त्यांची भावना प्रामाणिक असेल. पण त्यांच्या दुसऱ्या पसंतीचा फायदा कोणाला झाला, हे वरील आकडेच सांगतात.

अर्धा धडा आणि पुरा धडा

येथेच थांबले तर धडा अर्धाच राहील. गिरी जिंकले, बँका सरकारी झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द केल्यावरही सरकारने नवा वटहुकूम काढून राष्ट्रीयीकरण टिकविले. हे यश खरे होते. परंतु मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा ऐतिहासिक संप ज्या निर्दयतेने चिरडण्यात आला, त्या वेळी राष्ट्रपतिभवनात होते तेच व्ही. व्ही. गिरी, एके काळचे रेल्वे कामगारांचे पुढारी. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंना नोकरीवरून काढले गेले, वसाहतींतून बायकामुलांना हुसकावण्यात आले. राष्ट्रपतीचे पद त्यांच्या कामी आले नाही. पुढच्या वर्षी आणीबाणी आली. १९६९ मध्ये प्रतिगाम्यांविरुद्ध योग्य बाजू घेणाऱ्या कम्युनिस्ट चळवळीतील एका प्रवाहाने आणीबाणीला पाठिंबा दिला आणि १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात ती चूक कबूल केली. धोरणाला दिलेला पाठिंबा व्यक्तीला दिलेल्या पाठिंब्यात केव्हा बदलतो, हे कळले नाही की असे घडते.

तेव्हा पुरा धडा असा: उमेदवाराचे नाव त्याच्यामागे उभ्या असलेल्या शक्तींवरून ओळखावे, पाठिंबा द्यावयाचा तर निश्चित कार्यक्रमावर द्यावा, आणि पाठिंबा दिल्यानंतर जनतेची स्वतंत्र चळवळ एक दिवसही सैल सोडू नये.

डाव्यांनी पुढेही हा विचार वेगवेगळ्या परिस्थितीत अमलात आणला. २००२ मध्ये विजयाची सुतराम शक्यता नसताना आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले. डॉ. अब्दुल कलाम यांना ९,२२,८८४ आणि सहगल यांना १,०७,३६६ मते पडली. गुजरातमधील त्या वर्षीच्या हत्याकांडानंतर धर्मनिरपेक्षतेचा आवाज निवडणुकीत उमटलाच पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता. २००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा उपराष्ट्रपतिपदासाठी हमीद अन्सारी यांचे नाव डाव्यांनीच सुचविले. त्याच निवडणुकीत शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून मराठीपणाच्या नावावर पाटील यांना मते दिली. बाहेरून मत एकच दिसते. पण त्यामागचा विचार एक नव्हता.

२०२५ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधी पक्षांनी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना उभे केले. छत्तीसगडमध्ये आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देणारी 'सलवा जुडूम' ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविणाऱ्या २०११ च्या खंडपीठात ते होते. गृहमंत्र्यांनी त्याच निकालावरून त्यांच्यावर हल्ला चढविला आणि तेलुगू विरुद्ध तमिळ या वायफळ चर्चेत खरा प्रश्न क्षणभर का होईना उघडा पडला. ९ सप्टेंबरला राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले. तीनशे मते हा पराभव आहे. पण राज्यघटनेच्या बाजूने नोंदविलेली ती साक्षही आहे.

उपपदांचा बाजार

राज्यांत याच रोगाची दुसरी लागण आहे. उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाही. घटनेच्या दृष्टीने तो इतरांसारखा एक मंत्रीच, हे सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. तरीही या पदाभोवती राजकारण पिंगा घालते. कर्नाटकात २०१९ मध्ये येडियुरप्पांच्या हाताखाली तीन उपमुख्यमंत्री नेमले गेले. २०२३ च्या मे महिन्यात सिद्धरामय्या मुख्यमंत्री आणि डी. के. शिवकुमार उपमुख्यमंत्री झाले, त्या दिवसापासून कोणाची पाळी केव्हा, याची चर्चा अखंड चालू राहिली. आणखी उपमुख्यमंत्री हवेत अशा मागण्याही मधूनमधून झाल्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या डाव्याउजव्या बाजूंना दोन उपमुख्यमंत्री बसले, त्यांतील एक तर आदल्या दिवसापर्यंत स्वतः मुख्यमंत्री होते.

या बाजारात कामाचे तास हा विषय कोठे आहे? कर्नाटकात भाजप सरकारने २०२३ च्या फेब्रुवारीत कारखाने कायद्यात दुरुस्ती करून बारा तासांच्या दिवसाची वाट मोकळी केली. सरकार बदलले. २०२५ च्या जूनमध्ये काँग्रेस सरकारने दुकाने आणि व्यापारी आस्थापनांच्या कायद्यात कामाचा दिवस नऊवरून दहा तासांवर आणि जादा कामासह बारावर नेण्याचा प्रस्ताव पुढे केला; त्याला कामगार संघटनांना कडाडून विरोध करावा लागला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने चारही श्रमसंहिता लागू केल्या. मुख्यमंत्री कोण आणि उपमुख्यमंत्री कोण यावर ज्यांचे एकमत होत नाही, त्यांचे कामगाराच्या दिवसाच्या लांबीवर मात्र सहज एकमत होते.

चिकपेटचा प्रश्न

केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेल्या या पेठेशी मराठी माणसाचे नाते शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचे आहे. आज तेथे रेशमी साड्यांच्या पेढ्यांवर उभे राहून पाय सुजलेले विक्रेते आहेत, गाठोडी वाहणारे हमाल आहेत, कब्बनपेटेतले मागावरचे कारागीर आहेत. सोने गाळणारे, शिवणकाम करणारे, चहाची किटली घेऊन फिरणारे आहेत. कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, मारवाडी, मराठी अशा सर्व भाषा त्या बोळांत ऐकू येतात. राहण्याचे घर आणि कामाची जागा एकच, जिना एकच आणि बोळ इतका अरुंद की बंब आत येण्यास झगडावे लागते. नगर्थपेटेतील त्या पाच जणांची भाषा कोणती होती, हे आगीने विचारले नाही.

अशा पेठा मुंबईत, सोलापुरात, इचलकरंजीत, सुरतेत, दिल्लीत आहेत. जेथे जेथे मराठी पक्षसभासद काम करतात, तेथे तेथे नावांच्या पुढच्या लाटेला तोंड द्यावे लागेल. कारण निवडणुका संपत नाहीत. त्या वेळी 'आपला माणूस' कोण, या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी प्रत्येक उमेदवारापुढे चार प्रश्न ठेवले पाहिजेत. आठ तासांच्या दिवसाबद्दल त्याची भूमिका काय? सरकारी बँकांचे पुन्हा खाजगीकरण करण्याला त्याचा विरोध आहे काय? छोट्या दुकानदारावर आणि कारागिरावर पडणारा कराचा बोजा तो कसा हलका करणार? दाटीवाटीच्या वस्त्यांत कामगारांच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी तपासणी, अग्निशमन आणि परवडणारी घरे यांवर तो किती पैसा खर्च करणार?

उत्तरे मिळाली तर पाठिंब्याचा विचार करता येईल. उत्तरे मिळाली नाहीत, तर उमेदवार कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा आणि त्याच्या जोडीला कोण, याने काहीही फरक पडत नाही. लालबागेत १९६९ मध्ये जे भांडण नावांचे म्हणून सुरू झाले, ते कार्यक्रमाचे करण्यात जागृत जनतेचा वाटा होता. तोच वाटा पुन्हा उचलावयाचा आहे, आणि त्याची सुरुवात राजभवनाच्या दारात नव्हे, नगर्थपेटेच्या त्या जळालेल्या जिन्यापाशी करावयाची आहे.